चार वर्षे बंद घर आणि अकराशे फूट हरळी : नाशिकमधील एका लॉनचे प्रकरण

पार्श्वभूमी

घर नाशिकमधले, बैठा बंगला. मागच्या बाजूला साधारण १,४०० चौरस फुटांचे लॉन. मालकीणबाई साठी ओलांडलेल्या. त्यांना इथे काकू म्हणू. काका गेल्यावर २०१९ मध्ये त्या परदेशी मुलाकडे गेल्या, मध्ये लॉकडाऊन आले, आणि परत यायला फेब्रुवारी २०२३ उजाडला. दरम्यान घराच्या किल्ल्या दिरांकडे होत्या. ते महिन्यातून एकदा येऊन दारे-खिडक्या उघडत, वीजबिल भरत. बागेकडे पाहणे कोणी त्यांच्यावर सोपवले नव्हते आणि त्यांनीही ते ओढवून घेतले नाही.

हे लॉन काकांनी २००४ च्या सुमारास स्वतः लावले होते. गवत कोणते, तर नर्सरीत सिलेक्शन नंबर एक म्हणून मिळते ते, म्हणजे बारीक पानाची निवडक हरळीच. काकूंना नाव आठवत नव्हते. ‘रविवारी सकाळी यांचं ते ढकलायचं मशीन खर्र खर्र चालायचं,’ एवढे मात्र आठवत होते. ते मशीन माळ्यावर गंजलेले सापडले. त्याची पुढे गरज पडली.

मला बोलावले मार्च अखेरीस. मी बागकामाचा सल्ला देतो, प्रत्यक्ष काम माळी करतात. काकूंच्या गल्लीतलेच एक माळीमामा जुने, काकांच्या वेळेपासून ओळखीचे. मागणी सरळ होती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नातवाचा पहिला वाढदिवस, मुलगा-सून येणार, कार्यक्रम याच लॉनवर करायचा. पोर तोपर्यंत रांगत नाहीतर चालत असेल. हातात आठ महिने.

अडचण नेमकी काय होती

पहिल्या भेटीत दिसले ते असे. गाजर गवत कमरेएवढे वाळून उभे. आंब्याखाली पाचोळ्याचा वीतभर थर. नळाजवळ लव्हाळ्याचा, म्हणजे जमिनीत गाठी धरणाऱ्या चिवट तणाचा, हिरवागार पट्टा, अख्ख्या परसात तेवढेच काय ते हिरवे. आणि पश्चिमेच्या कोपऱ्यात साधारण २५० फुटांचा तुकडा पूर्ण उघडा. गाजर गवतसुद्धा तिथे उगवलेले नव्हते. गाजर गवत जिथे हार मानते तिथे जमिनीत काहीतरी वेगळे आहे हे समजायला कृषी पदवी लागत नाही. तरी मी पहिल्या दिवशी त्यावरून पुढे गेलो. ‘वापर नसल्यामुळे जमीन कडक झाली असेल’ असे वहीत लिहिले. ते चूक होते.

माळीमामांनी टिकाव मारला तेव्हा खरे कळले. वर दोन बोटे माती, त्याखाली चार इंच जाड राखाडी थर, सिमेंटच्या लादीसारखा. टिकाव आपटला की खणकन आवाज. दिरांना फोन केल्यावर उलगडा झाला : फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी घराला बोअर घेतली होती. मशीन गेटबाहेर, आणि कातळाच्या भुकटीचा गाळ पाण्याबरोबर वाहत थेट त्या कोपऱ्यात. दख्खनच्या काळ्या कातळाची ती पिठासारखी भुकटी. ओली असताना चिखल, वाळली की फरशी. दोन पावसाळे गेले, पण पाणी त्यातून खाली उतरलेच नाही. दिरांना वाईट वाटले. त्यांनी घरासाठी चांगलेच केले होते. लॉनचे काय होईल हा प्रश्न त्या दिवशी कुणाच्या मनात येणार?

एक साधी चाचणी केली. तेलाच्या १५ किलोच्या डब्याचा तळ कापून तो जमिनीत दोन इंच रोवला आणि आत चार इंच पाणी ओतले. मधल्या भागात पाणी चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत मुरले. काळ्या मातीला तडे गेलेले असताना पहिले पाणी भराभर जातेच, म्हणून दुसऱ्यांदा भरून वेळ लावली. पश्चिमेच्या कोपऱ्यात तीन तासांनीही पाणी जवळजवळ तेवढेच.

माती तपासून घेतली. सामू (पीएच) ८.३, सेंद्रिय कर्ब ०.३५ टक्के, पालाश (पोटॅश) भरपूर. आमच्याकडच्या काळ्या जमिनीचे हे ठरलेले चित्र : पालाश असतो, कर्ब नसतो, आणि सामू चढा असल्याने लोह मातीत असूनही झाडाला मिळत नाही. बोअरचे पाणी जरा जड, पण गवताला चालण्याजोगे.

उरला मुख्य प्रश्न. जुने गवत मेले होते की झोपले होते?

समोरचे पर्याय

काकूंच्या हातात माझ्याआधीच एका ठेकेदाराचे अंदाजपत्रक होते. सगळी जागा सहा इंच उकरायची, तितकी लाल माती भरायची, वर तयार गवताच्या गाद्या अंथरायच्या. १,४०० फूट गुणिले अर्धा फूट म्हणजे ७०० घनफूट, सात ब्रास माती. माती, गाद्या, मजुरी आणि उकरलेली माती वाहून नेणे धरून आकडा ९५ हजारांवर जात होता. मुलाचा फोनवर कल याच बाजूला. तो म्हणाला, ‘पैशांचं बघू, पण डिसेंबरला नक्की झालं पाहिजे.’ त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. खात्रीला किंमत असते.

माझा आक्षेप पैशांपेक्षा वेगळा होता. लव्हाळ्याच्या गाठी बहुतेक वरच्या सहा इंचांत असतात हे खरे, पण सगळ्या नसतात. खालची एकेक गाठ नव्या मऊ मातीत आणि रोजच्या पाण्यात काय करेल ते मी दोन ठिकाणी पाहिले होते. शिवाय सात ब्रास लाल माती कुठल्या शेताच्या बांधावरून येणार, तिच्यात काय असणार, हे कोणी सांगत नाही. (हा मुद्दा मी काकूंना अगदी ठामपणे समजावला. पुढे मी स्वतः काय केले ते वाचा.)

दुसरा पर्याय माळीमामांचा : खुरप्याने सगळे तण खणून काढायचे, शेणखत टाकायचे, पावसाची वाट पाहायची. स्वस्त, पण बोअरच्या भुकटीचे काय करायचे याचे उत्तर त्यात नव्हते.

तिसरा, मी सुचवलेला : जे जिवंत आहे ते ठेवायचे, मेलेली जागा तेवढी खोलवर दुरुस्त करायची, आणि जिथे लॉन जगणारच नाही तिथे लॉनचा हट्ट सोडायचा.

पण हे सगळे हरळी जिवंत आहे या गृहीतावर उभे होते, म्हणून आधी ते तपासले. जाड तारेची एक फूट बाय एक फूट चौकट केली. आंब्याची सावली सोडून उरलेल्या १,१०० फुटांत ती वीस जागी टाकली. प्रत्येक चौकटीतली वाळलेली काडी नखाने खरवडून पाहिली. वीसपैकी १३ ठिकाणी पेऱ्यावर हिरवट पांढरी जिवंत साल सापडली. हरळीने निम्म्याहून जास्त भरलेल्या चौकटी मात्र सहाच. मग मीटरभराचा एक तुकडा निवडून काकूंना रोज दोन बादल्या पाणी घालायला सांगितले, बाकी काही नाही. नवव्या दिवशी त्यांनी फोटो पाठवला : करड्या काड्यांच्या प्रत्येक पेऱ्यातून पोपटी टोके वर आलेली.

शेतकरी ज्या हरळीला आयुष्यभर शिव्या देतो ती अशीच असते. नांगरली तरी तुकड्यातुकड्याने उगवते. शेतात तो शाप; इथे त्यानेच ९५ हजारांचा प्रश्न निकाली काढला. मुलानेही तो फोटो पाहूनच होकार दिला. त्याआधी माझ्या तीन फोनचा काही उपयोग झाला नव्हता.

केलेली कामे

एप्रिल. गाजर गवत हातमोजे घालून मुळासकट उपटले. वाळलेले असले तरी त्याने अंगाला खाज सुटते, आणि मामांनी मोज्यांशिवाय सुरुवात केली होती. मग ब्रश कटरने सगळी जागा तीन-चार इंचांवर आणली. आंब्याखालचा ३०० फुटांचा भाग याच वेळी लॉनमधून वगळला. हरळीला निदान सहा तास ऊन लागते. तिथे सकाळी दीड-दोन तास मिळते. काकांच्या वेळी आंबा लहान होता, आता तो दुमजली घराएवढा. काकूंना हे पटायला वेळ लागला. ‘अरे, इथेच तर यांची खुर्ची असायची.’ शेवटी खुर्ची तिथेच राहिली, तिच्याखाली जुन्या शहाबादी फरश्या आल्या, भोवती पाचोळा तसाच ठेवला. याबद्दल मला आजही शंका नाही. सावलीत दरवर्षी नवे गवत लावून दरवर्षी मारणारी घरे मी बरीच पाहिली आहेत.

लव्हाळ्याचा नळाजवळचा पट्टा साधारण १५० फुटांचा. मामांचे म्हणणे पडले, ‘सर, खणून काढू, मुळासकट.’ मी थांबवायला हवे होते. बाकी बरेच नाही म्हटले होते, म्हणून इथे गप्प बसलो. लव्हाळ्याच्या गाठी साखळीसारख्या जोडलेल्या असतात. पहिली गाठ फुटलेली असते, मागच्या झोपलेल्या. खुरप्याने साखळी तुटली की झोपलेल्या प्रत्येकीला वाटते आता आपली पाळी. तीन आठवड्यांनी त्या पट्ट्यात आधीपेक्षा दाट लव्हाळा उभा होता. मामा त्याकडे बघून फक्त एवढेच म्हणाले, ‘याला खणायला नको होतं.’

मे महिना उन्हाचा, म्हणून त्या पट्ट्याला भरपूर पाणी देऊन वर पारदर्शक प्लास्टिक अंथरले, कडा मातीत दाबल्या, पाच आठवडे. खाली हाताला चटका बसेल इतकी वाफ. आंबुटी, घोळ, दुधी या तणांचे बी बऱ्यापैकी गेले. लव्हाळा अर्धामुर्धा. प्लास्टिक मातीपासून उचललेले होते तिथे कोंब आत भाजून गेले; जिथे ते मातीला चिकटले होते तिथे लव्हाळ्याच्या टोकांनी ते सुईसारखे भोसकले आणि वर येऊन पाने पसरली. काकूंनी ते भोकाभोकांचे प्लास्टिक शेजारणीला दाखवायला ठेवून दिले.

पश्चिमेचा कोपरा. चार इंचांचा राखाडी थर टिकावाने फोडून उचलला. २५० फूट, चार इंच, म्हणजे ८३ घनफूट, ब्रासाला जरा कमी. ट्रॅक्टरची एक खेप. दोन माणसे, तीन दिवस. त्याखालची काळी माती आणखी सहा इंच सैल केली, शेणखत मिसळले. आता भरायला माती हवी. एक ब्रास लाल माती मागवली, ओळखीच्या माणसाकडून, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. पाऊस कधीही येईल म्हणून घाई झाली. न तपासता पसरली.

सात ब्रासांना विरोध करणारा मी एक ब्रास आणताना डोळे मिटून बसलो. चाचणी ठाऊक नव्हती असेही नाही : घमेलंभर माती घ्यायची, ओली ठेवायची, १२ ते १५ दिवस काय उगवते ते पाहायचे. तेवढे पंधरा दिवस हातात होते. ते कसे, ते पुढच्याच परिच्छेदात आहे.

पावसाची वाट. २०२३ चा मान्सून रेंगाळला. आम्ही लागवड १५ जूनच्या आसपास धरली होती. पाऊस आला २५ जूनला, मुंबई आणि दिल्लीला एकाच दिवशी पोहोचला तो दिवस. काकू रोज आभाळाकडे बघून फोन करत. बोअरच्या पाण्यावर लावून टाकू का, असा विचार दोनदा झाला. उन्हाची तिरीप आणि कोरडा वारा असताना २५० फूट कोवळ्या काड्या ओल्या ठेवायच्या तर दिवसातून तीन-चार वेळा पाणी. ते करायला घरात एकट्या काकू. नको म्हटले. हा निर्णय बरोबर ठरला असे मला वाटते, पण पाऊस आणखी दोन आठवडे लांबला असता तर हेच वाक्य मी वेगळे लिहिले असते.

पाऊस पडल्यावरही पाच दिवस काही केले नाही. काळ्या जमिनीत वाफसा, म्हणजे ना ओली ना सुकी अशी स्थिती, आल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही हे मामांना मला सांगावे लागले नाही. इथे तेच माझे गुरू. ओली असताना ती बुटाला चिकटते आणि पायाखाली विटेसारखी दाबली जाते, सुकली की सळई शिरत नाही. मधले जे दोन-तीन दिवस मिळतात तेवढेच आपले. त्या दिवसांत जुन्या हरळीच्या ८५० फुटांत चार दात्यांच्या फावड्याने सहा-सहा इंचांवर भोके पाडली, वर गांडूळखत आणि चाळलेली वाळू झाडूने लोटली.

कोपऱ्यात नर्सरीच्या गाद्या घालायच्या असे आधी ठरले होते. बदलले, कारण नव्या गादीचे पान आणि जुन्या हरळीचे पान वेगळे दिसते, ठिगळ कायमचे उरते. त्याऐवजी कंपाउंडच्या कडेला पसरलेली जुनी हरळी उचलून तिच्या काड्या दोन-तीन पेऱ्यांच्या तुकड्यांत कापल्या, तीन-चार इंचांवर ओळीने टोचल्या, टोके वर ठेवून दाबल्या. खर्च शून्य, वेळ दोन दिवस. मुलाने व्हिडिओ कॉलवर पाहिले आणि विचारले, ‘हे लॉन आहे की भाताची लावणी?’

जुलै अखेर. कोपऱ्यात हरळी धरली. तिच्याबरोबर लव्हाळाही, नव्या मातीतून. तीन आठवड्यांत दर फुटाला दोन-तीन. या प्रकरणातला हा सगळ्यात महाग धडा, आणि तो पूर्णपणे माझा.

फवारायचे का, हा प्रश्न तेव्हा टेबलावर आला. ग्लायफोसेट हे तणनाशक बाद होते. ते हरळीलाही मारते, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याचा वापर फक्त कीडनियंत्रण चालकांमार्फत करण्याचा आदेश काढला होता. लव्हाळ्यावर निवडक काम करणारे हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल बाजारात मिळते, उसात शेतकरी वापरतात, हरळीला ते फारसे करत नाही. मात्र आपल्याकडे त्याची शिफारस उसासाठी आहे, घराच्या लॉनसाठी नाही. आणि मात्रा पाहा : हेक्टरी ९० ग्रॅम. २५० फुटांना हिशेब केला तर जेमतेम ०.२१ ग्रॅम. घरात एवढे मोजणार कशाने? चिमटीने टाकले तर दहापट पडेल. चार महिन्यांनी तिथे पोर रांगणार होते. मी रसायनांच्या विरोधात नाही, दहा एकर उसात मी तेच सांगितले असते. इथे नाही म्हटले.

त्याऐवजी दर दहा दिवसांनी काकू आणि मामा, खुरप्याशिवाय. पावसाने माती मऊ असताना कोंब बुडाशी चिमटीत धरून ओढायचा, चार-पाच पानांचा होण्याआधीच. गाठ खाली राहते, पण प्रत्येक नव्या कोंबाला ती आपली शिदोरी खर्चते. काकूंना हे काम आवडले. संध्याकाळी पाटावर बसून मेथी निवडावी तशा त्या लव्हाळा निवडत.

ऑगस्ट. पाऊस गायब. देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला तो. बोअर दिवसाला तासभर चालायची. काकू भीतीने रोज सकाळ-संध्याकाळ पाइपने वरवर भिजवत होत्या. स्टीलच्या चार वाट्या लॉनवर ठेवून मोजायला सांगितले : वीस मिनिटांत वाटीत जेमतेम दोन मिलिमीटर. एवढे पाणी मुळांपर्यंत जात नाही, उन्हात उडून जाते. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. १,१०० फूट म्हणजे साधारण १०२ चौरस मीटर. वाटीत १२ मिलिमीटर भरायचे तर बाराशे लिटर. आठवड्यातून दोनदा, अर्धे लॉन आज, अर्धे उद्या, पहाटे. लागवडीच्या कोपऱ्याला मात्र आधीसारखे थोडे रोज. स्प्रिंकलर घेतला तो याच आठवड्यात.

त्याच महिन्यात दुसरी चूक. युरिया द्यायचा होता, मी फोनवर म्हणालो, ‘शंभर फुटाला दोन मुठी.’ माझ्या डोळ्यासमोर माझी मूठ होती, साधारण ५० ग्रॅमची. मामांची मूठ म्हणजे काय ते मला माहीत असायला हवे होते. शिवाय त्यांनी सकाळी दवात टाकला आणि वर पाणी द्यायच्या आधी बोअर बंद पडली. चार दिवसांत लॉनवर भाजल्याचे पट्टे. सावरायला तीन आठवडे गेले. तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर १०० ग्रॅमच्या पुड्या, वाळूत मिसळून, आणि आधी पाणी आहे याची खात्री.

सप्टेंबर ते नोव्हेंबर. पाऊस परतला, गणपती १९ तारखेला आले. कुंपणालगतची दोन हात जागा काकूंनी मशीनपासून राखून ठेवली होती. दूर्वा तिथूनच निघाल्या, शेजारच्या तीन घरांनाही पुरल्या. कापायचे मशीन काकांचेच, पात्याला धार लावून आणलेले. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापायचे नाही हा नियम मामांनी एकदा मोडला. खालचा तपकिरी भाग उघडा पडला आणि काकूंचा फोन आला, ‘अरे, हे तर वाळलं सगळं!’ दहा दिवसांत पुन्हा हिरवे झाले. हरळी हे सहन करते.

साळुंक्या आणि बगळे टोचे मारताना दिसले, म्हणून गवताची मुळे खाणारी हुमणी अळी आहे का ते पाहिले. चार जागी फूटभर चौकोन उचलला, जास्तीत जास्त दोन अळ्या. काही केले नाही. पाने पिवळट, शिरा हिरव्या दिसू लागल्या तेव्हा लोहासाठी लिटरला पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि चिमूटभर सायट्रिक अॅसिडची फवारणी पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. रंगात फरक चौथ्या-पाचव्या दिवशी.

निकाल

२६ नोव्हेंबरला नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. द्राक्षबागांचे काय झाले ते सगळ्यांनी पाहिले, त्यापुढे एका लॉनचे दुःख सांगू नये. पण कार्यक्रम आठवड्यावर आणि माती पिचपिचीत. मंडपवाला खुंट्या ठोकायला आला होता. चाळीस माणसे, खुर्च्या, टेबले, ओली काळी माती : आठ महिन्यांत सैल केलेली जमीन दोन तासांत दाबली गेली असती. मंडप आणि जेवण पोर्चमध्ये हलवले, लॉनवर फक्त मुले आणि सतरंजी. मुलगा थोडा नाराज झाला. आठ महिने ज्यासाठी खटाटोप केला त्या लॉनवर पाहुण्यांना जाऊ द्यायचे नाही, हे त्याला विचित्र वाटले, आणि त्याचे बरोबरच होते.

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी तीच चौकट वीस जागी टाकली. हरळीने निम्म्याहून जास्त भरलेल्या १७. एप्रिलमध्ये त्या सहा होत्या. लव्हाळा वीसपैकी पाच चौकटींत होता, बहुतेक कोपऱ्यात आणि नळाजवळ. थंडी सुरू झाल्याने रंग जरा मळकट. नाशिकच्या थंडीत हरळी गारठून बसतेच.

खर्च, माझी फी सोडून, ३१ हजारांच्या आसपास : माती ५,५००, खते आणि वाळू ४,०००, खोदाईची मजुरी ४,२००, ट्रॅक्टर १,५००, ब्रश कटर १,२००, धार ६००, हिराकस-युरिया वगैरे १,३००, पाइप आणि स्प्रिंकलर २,२००, मामांचे सात महिन्यांचे १०,५००. काकूंचे तास यात धरलेले नाहीत. ते धरले असते तर ठेकेदाराचे अंदाजपत्रक इतके महाग दिसले नसते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. ज्या घरात असा वेळ देणारे कोणी नाही तिथे मी आजही गाद्यांचा पर्याय खोडून टाकणार नाही.

आज पुन्हा केले तर

पहिल्या दिवशीच उघड्या कोपऱ्यात फूटभर खड्डा घेईन, वहीत काही लिहिण्याआधी. कारण कळायला मला दोन आठवडे लागले आणि तेवढ्यात खणून काढायची चांगली वेळ, माती अजून फार तापलेली नव्हती ती, निघून गेली.

लव्हाळ्याला खुरपे लावू देणार नाही. मामांचा मान राखण्यासाठी गप्प बसलो, आणि त्यातून त्यांच्यावरच दुप्पट काम पडले.

माती मे महिन्यातच आणून ढीग ओला ठेवीन. युरिया पुडीतून.

लागवड पावसापर्यंत थांबवणे, सावली सोडून देणे आणि रसायन टाळणे हे तीन निर्णय तसेच ठेवीन. तिसऱ्याबद्दल मामांचे आणि माझे अजून एकमत नाही. त्यांच्या मते एकदा मारले असते तर काकूंची पाठ वाचली असती.

आणि एक गोष्ट, जी फेब्रुवारी २०२४ मध्ये सहज पाइप लावताना लक्षात आली. नळाचा वॉशर गेलेला होता. थेंब थेंब, रात्रंदिवस, बहुधा काकू परतल्या आणि पाणी सुरू झाले तेव्हापासून. ओल लव्हाळ्याला मानवते, आणि बाकी सगळे करडे असताना फक्त तिथेच हिरवे का, हा प्रश्न मार्चच्या पहिल्या भेटीत माझ्या डोळ्यासमोर उभा होता. वॉशर काकूंनी त्याच संध्याकाळी बदलून घेतला. मेपर्यंत त्या पट्ट्यातला लव्हाळा विरळ झाला. कोपऱ्यातला, माझ्या मातीबरोबर आलेला, अजून आहे.